कशाचं ओपनिंग?

जेवणं आटोपून, भांडी आवरून तुम्ही रेडिओजवळ बसला असाल. काही जणी अजून शेतात असतील आणि मोबाईलवर ऐकत असतील.

आज मी एका शब्दाबद्दल बोलणार आहे. शब्द इंग्रजी आहे, पण तो आता आपल्या गावात इतका रुळलाय की इंग्रजी वाटतच नाही. तो शब्द म्हणजे ओपनिंग.

मागच्या महिन्यात एकाच दिवशी हा शब्द माझ्या कानावर चार वेळा पडला. सकाळी मुलगा बॅट घेऊन निघाला आणि म्हणाला, "आई, आज मी ओपनिंगला जाणार." तालुक्याला गेले तर स्टँडसमोर मोबाईलच्या दुकानाचा फलक होता, 'भव्य ओपनिंग'. बँकेत जाऊबाईंचं खातं काढायचं होतं, तिथले साहेब म्हणाले, "अकाउंट ओपनिंगचा फॉर्म त्या खिडकीत मिळेल." येताना सासूबाईंच्या डोळ्यांचं औषध घेतलं. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. मेडिकलवाला म्हणाला, "ओपनिंगनंतर एक महिनाच वापरा हं."

हे सगळं घरी येऊन सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, खेळात ओपनिंग, दुकानात ओपनिंग, बँकेत ओपनिंग आणि माझ्या डोळ्यातपण ओपनिंग? हे एकच आहे की चार वेगळी?"

प्रश्न अगदी बरोबर होता. म्हणून आजचं हे बोलणं.

ओपनिंग म्हणजे उघडणं. दार उघडणं, डबा उघडणं, तसंच. आपण 'उद्घाटन' म्हणतो तो शब्द फार भारदस्त वाटतो. फीत, कात्री, पाहुणे, हार डोळ्यांसमोर येतात. पण उद्घाटन या संस्कृत शब्दाचा साधा अर्थ उघडणं असाच आहे आणि आपला 'उघडणे' हा शब्दही त्याच घरातला. म्हणजे कोनशिलेवरचं उद्घाटन, आपलं उघडणं आणि इंग्रजीतलं ओपनिंग, तिघांचं काम एकच. उघडल्याशिवाय सुरू होत नाही, म्हणून उघडणं या शब्दालाच सुरुवातीचा अर्थ आला. आपणही खातं 'उघडतो', शाळा जूनमध्ये 'उघडते'.

आता एकेक जागा बघू.

क्रिकेटमधलं ओपनिंग तर सोपं आहे. डाव सुरू करायला ज्या दोघी आधी जातात त्या ओपनर. चेंडू नवा असतो, जोरात येतो, वळतो. मागून येणाऱ्यांना खेळपट्टी कशी आहे हे या दोघींना बघूनच कळतं. आपल्या सांगलीत वाढलेली स्मृती मानधना भारताची ओपनर आहे. २०२५ साली नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हा डाव सुरू करायला शफाली वर्मा आणि स्मृतीच गेल्या होत्या. आपल्या गटात पहिलं कर्ज घेऊन पहिला धंदा करणारी बाईसुद्धा ओपनरच असते. तिचं बघून बाकीच्या पुढं येतात.

दुकानाच्या ओपनिंगला फार वेळ द्यायला नको. नारळ फुटतो, पेढे मिळतात, ओपनिंग ऑफर म्हणून काहीतरी स्वस्त असतं. गरज असेल तर घ्यावं.

खातं उघडण्याशी मात्र आपला जवळचा संबंध आहे. १९९२ साली नाबार्डनं बचत गट बँकांशी जोडायचं काम सुरू केलं आणि हळूहळू गटांची खाती बँकेत उघडली जाऊ लागली. तरी आजही कुठं कुठं सांगतात, "सगळ्या सभासदांचे कागद आणा, मगच खातं निघेल." दहा-बारा बायकांचे कागद गोळा करता करता महिना जातो. मैत्रिणींनो, रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे की बचत गटाचं बचत खातं उघडताना सगळ्या सभासदांची केवायसी लागत नाही. पदाधिकाऱ्यांची केवायसी झाली की पुरते. पुढं गटाला कर्ज देताना बँक सभासदांची कागदपत्रं बघू शकते. हे शांतपणे, हसून, पण ठामपणे सांगायचं.

आणि स्वतःचं खातं उघडताना फॉर्मवरच्या तीन गोष्टी नीट बघा. पहिली, नाव आधार कार्डावर आहे तसंच लिहा. माहेरचं एकीकडं आणि सासरचं दुसरीकडं झालं की पुढं अनुदानाचे पैसे अडकतात. दुसरी, मोबाईल नंबर. आमच्या जाऊबाई दिरांचा नंबर लिहायला निघाल्या होत्या. मी म्हटलं, "वहिनी, पैसे आल्याचा मेसेज त्यांना जाणार, ओटीपी त्यांना जाणार, मग खातं तुमचं कसं?" आपला नंबर असेल तर आपलाच द्यावा. तिसरी, वारसाचं नाव. ती जागा मोकळी सोडू नका. उघडताना ज्या जागा मोकळ्या राहतात, त्यांच्यासाठी नंतर दहा हेलपाटे पडतात.

आता मी ज्या ओपनिंगसाठी खरं तर आज इथं बसलेय, तिथं येते. ते आहे ओपनिंग बॅलन्स. मराठीत आरंभीची शिल्लक.

यात माझ्या हातून एक चूक झाली होती. ती सांगते.

मी आमच्या गटाची वही लिहिते. गटात बारा जणी, महिन्याला शंभर रुपये बचत. कोषाध्यक्ष आहेत आमच्या एक मावशी. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, पण पैशाची पेटी त्यांच्याकडं. नोटा मोजण्यात त्या कधी चुकल्या नाहीत.

एका महिन्यात जुनी वही संपली. त्या दिवशी पेटीत ४,३६० रुपये रोख होते. पुढच्या बैठकीत दोघींना कर्ज द्यायचं होतं, म्हणून ते बँकेत भरले नव्हते. जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर मी अखेरची शिल्लक ४,३६० लिहिली, सह्या-अंगठे घेतले आणि वही तपासणीला देऊन टाकली.

पुढच्या बैठकीला नवी कोरी वही आणली. पहिल्या पानावर श्री लिहिलं, हळदी-कुंकू वाहिलं. आणि त्या हळदी-कुंकवाच्या खाली मी आरंभीची शिल्लक लिहिली, ४,६३०. तीन आणि सहाची अदलाबदल झाली. मला कळलंसुद्धा नाही.

त्या दिवशी बचतीचे १,२०० रुपये जमा झाले. वहीप्रमाणं पेटीत ५,८३० हवे होते. मावशींनी मोजले, ५,५६० भरले. पुन्हा मोजले, तेवढेच. २७० रुपये कमी.

मावशी म्हणाल्या, "माझ्या पेटीत आले तेवढेच आहेत. मी एक रुपया हलवला नाही." मी म्हटलं, "पण वहीत तर असं आहे." कोणी आवाज चढवला नाही, कोणी चोर म्हटलं नाही. पण दोघी एकमेकींकडं बघून गप्प बसल्या, एकीनं पदर तोंडाला लावला. एवढं पुरेसं असतं. गावात वहीत लिहिलेलं खरं आणि अंगठा देणारी बाई चुकली, असंच धरतात. मीपण तसंच धरलं.

आठवड्याच्या बाजारात मावशींनी दोन कोंबड्या विकल्या आणि २७० रुपये पेटीत भरले. पुढच्या बैठकीला त्या आल्या नाहीत, पेटी सुनेच्या हातानं पाठवली. त्याच्या पुढच्या बैठकीलाही आल्या नाहीत.

चार महिन्यांनी तपासणीच्या ताई आल्या. त्यांनी जुनी वही आणि नवी वही शेजारी शेजारी उघडून ठेवली. एका वहीच्या शेवटच्या आकड्यावर बोट ठेवलं, दुसरीच्या पहिल्या आकड्यावर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "ताई, हे क्लोजिंग आणि हे ओपनिंग. जुळतंय का?"

माझ्या पायाखालची जमीन सरकली.

त्याच दिवशी मी मावशींच्या घरी गेले. नंतर बैठक बोलावली. सगळ्यांसमोर सांगितलं की चूक माझी होती, पेटी बरोबर होती, वही चुकली होती. २७० रुपये मावशींच्या हातात दिले आणि माफी मागितली. मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पैशाचं काय गं. चार महिने मी बायकांच्या नजरेला नजर देत नव्हते. ते कुठल्या वहीत लिहिशील?"

मला उत्तर देता आलं नाही. आजही येत नाही.

म्हणून मैत्रिणींनो, या आकड्याबद्दल नीट बोलू. ओपनिंग बॅलन्स हा नवा आकडा नसतो. आधीचं क्लोजिंगच पुढं येऊन बसतं. कालच्या अखेरच्या शिल्लकेतूनच आजची आरंभीची शिल्लक येते, दुसरीकडून ती येऊच शकत नाही. ३१ मार्चला वर्ष बंद होताना जो आकडा, तोच १ एप्रिलला. मागच्या बैठकीच्या शेवटी जो, तोच या बैठकीच्या सुरुवातीला. मध्ये एक रुपयाचा जरी फरक पडला, तर काहीतरी चुकलंय आणि ते त्याच क्षणी शोधायचं.

बँकेच्या पासबुकातही हेच असतं. नवीन पान सुरू होताना वरती 'बी/एफ' अशी दोन अक्षरं छापलेली दिसतात. त्याचा अर्थ ब्रॉट फॉरवर्ड, म्हणजे मागच्या पानावरून पुढं आणलेली रक्कम. मागच्या पानाच्या तळाचा आकडा आणि हा आकडा जुळतोय का ते बघायचं. त्यासाठी इंग्रजी लागत नाही, दोन आकडे ताडून बघता आले की झालं. विजेच्या बिलावर 'मागील रीडिंग' असतं, त्याचीही तीच गोष्ट. मागच्या बिलावरचं 'चालू रीडिंग' या बिलावर 'मागील' म्हणून आलंय का ते बघा. ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात पहिलीच ओळ आरंभीच्या शिल्लकेची असते. महिला सभेत उभं राहून विचारता येतं, "मागच्या वर्षीची अखेरची शिल्लक किती होती?"

तपासणीच्या ताईंनी त्या दिवशी मला एक युक्ती शिकवली, ती तुम्हालाही देते. हिशोबात फरक आला की त्या फरकाला नऊनं भागून बघा. पूर्ण भाग गेला, तर बहुतेक शेजारच्या दोन आकड्यांची अदलाबदल झालेली असते. ४,६३० मधून ४,३६० गेले, राहिले २७०. नऊ तिरके सत्तावीस. भाग पूर्ण जातो. ८१ चे १८ लिहिले तर फरक ६३, नऊ साती त्रेसष्ट. ५२ चे २५ लिहिले तर सत्तावीस. दरवेळी नऊचा पाढा. ही युक्ती मला आधी माहीत असती, तर मावशींच्या कोंबड्या वाचल्या असत्या. आणि नऊनं भाग गेला नाही, तर मग एखादी पावती लिहायची राहिली का, कोणाचा हप्ता दोनदा लिहिला का, ते शोधायचं. माणसावर संशय घेण्याच्या आधी वही तपासायची, हे मात्र दोन्ही वेळा सारखंच.

मसाला, पापड, लोणची करणाऱ्या गटांसाठी याच जातीचं दुसरं एक ओपनिंग आहे. ओपनिंग स्टॉक, म्हणजे आरंभीचा साठा. समजा, महिन्याच्या सुरुवातीला तुमच्याकडं ६,००० रुपयांची मिरची आणि मसाला पडून होता. महिन्यात २०,००० चा माल आणला. महिन्याच्या शेवटी ९,००० चा माल शिल्लक आहे. विक्री झाली २४,००० ची. आता नफा किती? पुष्कळ जणी २४,००० मधून २०,००० वजा करतात आणि चार हजार सांगतात. पण खपलेला माल किती रुपयांचा? सहा अधिक वीस, सव्वीस हजार. त्यातून शिल्लक नऊ वजा केले, सतरा हजार. मग २४,००० मधून १७,००० गेले, राहिले सात हजार. त्यातून दळण, पाकिटं, गाडीभाडं, आपली मजुरी वजा करा. सुरुवातीचा आणि शेवटचा साठा मोजला नाही, तर नफ्याचा धंदा तोट्यात दिसतो आणि कधी तोट्याचा नफ्यात. पहिल्या तारखेला डबे वजनकाट्यावर ठेवायचे आणि लिहायचं. अर्ध्या तासाचं काम आहे.

आता सासूबाईंच्या औषधाकडं येते, कारण त्या घरी ऐकत बसल्यात. डोळ्यांच्या थेंबांच्या बाटलीवर एक मुदत छापलेली असते. ती बंद बाटलीची. बाटली उघडली की दुसरी, लहान मुदत सुरू होते. बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, उघडल्यापासून एक महिन्याच्या आत वापरा. छापील मुदत पुढच्या वर्षाची असली तरी उघडलेली बाटली महिन्यानंतर टाकायची, कारण त्यात जंतू शिरू शकतात आणि डोळा नाजूक असतो. लहान मुलांच्या ज्या अँटिबायोटिक औषधांच्या पावडरीत पाणी घालून हलवायचं असतं, तीसुद्धा तशीच. पाणी घातल्यावर बरीचशी सात दिवसांपुरतीच असतात, लेबल वाचून बघा. मागच्या तापाची उरलेली बाटली या तापाला द्यायची नाही. ओआरएसची पुडी पाण्यात कालवली की चोवीस तास, मग उरलेलं फेकायचं. मी काय करते, बाटली उघडली की पेनानं तिच्यावर तारीख टाकते. सासूबाई त्याला बाटलीचं बारसं म्हणतात.

शेवटचं ओपनिंग मुलांचं. "अमुक कंपनीत ओपनिंग आहे" असा मेसेज मोबाईलवर येतो. इथं ओपनिंग म्हणजे रिकामी जागा, नोकरीची संधी. चांगली गोष्ट आहे. पण त्याच मेसेजमध्ये "आधी नोंदणीचे पैसे पाठवा, जागा लगेच भरतील" असं असेल, तर थांबा. नोकरी देणारा पगार देतो, तो अनोळखी खात्यावर आपल्याकडून पैसे मागत नाही. पैसे गेलेच, तर लाजत बसू नका, लगेच १९३० या नंबरवर फोन करा. ऑनलाईन फसवणुकीसाठीचा हा सरकारी नंबर आहे. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवले जायची आशा जास्त.

तर मैत्रिणींनो, सासूबाईंना मी त्या दिवशी उत्तर दिलं ते असं. शब्द एक आहे, पण कानावर पडला की विचारायचं, कशाचं ओपनिंग? खात्याचं असेल तर फॉर्म नीट वाचायचा. औषधाचं असेल तर तारीख टाकायची. नोकरीचं असेल तर पैसे मागतात का ते बघायचं. आणि शिल्लकेचं असेल तर आणखी एक प्रश्न विचारायचा, आधीचं क्लोजिंग कुठं आहे, दाखवा.

पुढच्या बैठकीत एक काम करा. वही उघडली की बचत गोळा करायच्या आधी मागच्या वेळची अखेरची शिल्लक आणि आजची आरंभीची शिल्लक मोठ्यानं वाचून दाखवा. वही नवीन असेल तर जुनी वही समोर असल्याशिवाय पहिलं पान लिहू नका.

आमच्या गटात आता हा नियमच आहे आणि तो मावशींनी घातलाय. त्या परत बैठकीला येतात, पेटी त्यांच्याकडंच आहे. आधी त्या पेटीतले पैसे मोजून आकडा सांगतात, मग मी वहीतला वाचते. वहीचा आकडा मला पहिल्यांदा बोलू देत नाहीत. दोन्ही जुळले की मावशी म्हणतात, "हं, आता उघड." तेव्हा कुठं आमची बैठक सुरू होते.